चेक इंजिन लाइट जाता जात नाही? आधी सेन्सर बदलू नका

नमस्कार मंडळी! पाऊस सुरू झाला की माझ्या कमेंट्समध्ये एकच रडगाणं सुरू होतं. "दादा, चेक इंजिन लाइट लागलीय, सिग्नलला गाडी थरथरते, पिकअप नाही, गॅरेजमधून आणली तरी दोन दिवसांत लाइट परत हजर." आज त्यावरच बोलू.

बेसिक झटपट उरकतो. लाइट नुसती पेटलेली असेल तर घरी जा, सावकाश जा, पण महिनाभर लोंबकळत ठेवू नका. लाइट लुकलुकत असेल तर मात्र गाडी जोरात मिसिंग करतेय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळायचंच चुकतंय, आणि न जळलेलं पेट्रोल थेट सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात, जाऊन तिथे पेटतंय. पाय उचला, कडेला घ्या, इंजिन बंद करा. ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर असाल तर हॅझर्ड लावून अगदी डावीकडे थांबा. कन्व्हर्टर गेला तर ते बिल बघून तुम्हीच मिसिंग कराल.

स्कॅनर. स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या वर, १६ पिनांचं सॉकेट असतं, त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. त्यात बसणारं ब्लूटूथ डोंगल ऑनलाइन मिळतं, लॅमिंग्टन रोडलाही मिळतं. मोबाइलला जोडा, कोड वाचा. एवढं जमतं सगळ्यांना.

जमत नाही ते पुढचं. नीट ऐका, कारण हे मी आज वेगवेगळ्या वाटांनी परत परत सांगणार आहे: कोड म्हणजे खराब पार्टचं नाव नव्हे. कोड म्हणजे गाडीची तक्रार.

भांडुपला माझा मावसभाऊ राहतो. पेट्रोल गाडी, चार सिलिंडर. भर पावसात लाइट लागली, गाडी झटके द्यायला लागली. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, पहिलाच कोड दिसला पी०१७१. म्हणजे मिश्रण लीन, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. "ऑक्सिजन सेन्सर गेला साहेब." म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणारा. बदलला. पैसे गेले, लाइट दोन दिवसांनी परत आली. मग भाऊ माझ्याकडे आला. मी कोडची पूर्ण यादी उघडली तर खाली दुसरा कोड शांतपणे बसलेला: पी०३०३. तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे तेच मिसिंग.

आता गंमत बघा. तिसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडली नाही तर तिथली हवा न जळता तशीच बाहेर येते. हवेत ऑक्सिजन आहेच. ऑक्सिजन सेन्सर तो बघतो आणि इमानदारीने सांगतो, "बाबा रे, ऑक्सिजन फार आहे." कॉम्प्युटरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, म्हणून तो पेट्रोल वाढवतो. म्हणून सायलेन्सरला पेट्रोलचा वास आणि स्क्रीनवर लीनचा कोड, दोन्ही एकाच वेळी. सेन्सर आपलं काम चोख करत होता. सोसायटीच्या वॉचमनने चोर आल्याचं सांगितलं म्हणून वॉचमनलाच काढून टाकण्यातला हा प्रकार.

(बोनेट उघडतो, कॅमेरा जवळ)

मग पार्ट ओळखायचा कसा? इकडे बघा. इंजिन बंद, थंड. ही प्रत्येक प्लगवर बसलेली काळी कांडी म्हणजे इग्निशन कॉइल, प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी. हा १० चा बोल्ट काढला, कनेक्टरचं कुलूप दाबलं, सरळ वर ओढलं. आणि हे बघा, रबरी बुटावर पांढुरकी रेघ दिसतेय? आत प्लगच्या खोबणीत पाणी गेलं होतं. ठिणगी प्लगवर न पडता या रेघेने बाजूलाच उडत होती. भावाच्या गाडीचीच कॉइल आहे ही, जपून ठेवलीय मी.

पण रेघ दिसली म्हणून लगेच दुकानात पळायचं नाही! तीन नंबरची कॉइल दोनवर, दोनची तीनवर. प्लग जिथले तिथे. कोड लिहून ठेवा, पुसा, गाडी चालवा. कोड पी०३०२ झाला, म्हणजे दोष कॉइलबरोबर दुसऱ्या घरात राहायला गेला, तर कॉइल खराब. तीनवरच राहिला तर कॉइल निर्दोष, आता प्लगची अदलाबदल करा. तरीही तिथेच? मग इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा), वायरिंग, शेवटी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). एक रुपया खर्च न करता अर्धे संशयित बाद.

आणि कृपा करून चालू इंजिनवर कॉइल उपटून "बघा, आवाज बदलला का" करू नका. जुन्या गाड्यांवर शिकलेले काही मेकॅनिक अजून करतात. झटकाही बसेल आणि तेच न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाईल.

एका ताईंनी लिहिलंय, "माझ्या स्कॅनरवर मिसफायरचा कोडच नाही, नुसता पी०१७१ आहे, मग तरी सेन्सर बदलू ना?" नाही हो ताई! ॲपमध्ये फ्युएल ट्रिम नावाचा आकडा असतो, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय, तो बघा. शून्याच्या आसपास, अधिक-उणे १० टक्क्यांपर्यंत चालतं. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू, ॲक्सिलरेटरवर पाय नाही) अधिक २० आणि २५०० आरपीएमला उतरून ४-५ आला, तर कुठून तरी चोरटी हवा आत येतेय: फाटका व्हॅक्यूम पाइप, इनटेकचं गॅस्केट. उलट, वेग वाढवल्यावर आकडा चढत गेला तर पेट्रोलच पुरत नाहीये, म्हणजे पंप, फिल्टर बघा. हा हिशोब एअर फ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) असलेल्या गाड्यांचा. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा) असतो, तिथे चोरट्या हवेने बहुतेकदा आयडलिंगच वर चढून बसतं. पण दोन्हीकडे कोड लीनचा आला तरी दोषी सेन्सर निघेलच असं नाही.

पी०४२० चंही तेच. कोड म्हणतो कन्व्हर्टर नीट काम करत नाही. लोक कन्व्हर्टर बदलतात, मिसिंग तसंच ठेवतात, आणि नवीनही जाळून टाकतात.

आता माझी चीड. "दादा, बॅटरीची वायर दहा मिनिटं काढली की लाइट जाते, एवढा व्हिडिओ कशाला?" अरे बाबा, लाइट जाते, दोष जातो का? वर कोड लागला तेव्हाचा आरपीएम, इंजिनचं तापमान, लोड, हे सगळं गाडीने नोंदवून ठेवलेलं असतं, फ्रीझ फ्रेम म्हणतात त्याला. तो पुरावा तू स्वतःच्या हाताने पुसलास. आधी स्क्रीनशॉट, मग बाकीचं.

उंदरांची कमेंट तर रोज असते. बिल्डिंगखाली गाडी उभी, दोन आठवडे हलवलेली नाही, तर स्कॅनरच्या आधी टॉर्च घ्या आणि इंजेक्टरच्या वायरी बघा. निम्मं इन्सुलेशन कुरतडलेलं असतं.

सीएनजीवाले, तुमचं वेगळं. पेट्रोलवर मस्त आणि सीएनजीवर मिसिंग, तर किटवाल्याकडे ट्युनिंगला धावण्याआधी प्लग काढून बघा. सीएनजी पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे झिजलेला प्लग किंवा थकलेली कॉइल आधी सीएनजीवरच उघडी पडते. आणि उलटं असेल, सीएनजीवर ठीक पण पेट्रोलवर धक्के, तर सांगा बरं, टाकीतलं पेट्रोल कधीचं आहे? पैसे वाचतात म्हणून महिनोनमहिने सीएनजीवरच चालवता, पेट्रोलचे इंजेक्टर बसून बसून चिकटतात. रोज थोडं अंतर पेट्रोलवर चालवा.

काम झाल्यावर कोड पुसून लगेच पीयूसीला किंवा गावाला निघू नका. थंड इंजिनपासून सुरू करून थोडं शहरात, थोडं हायवेवर असं काही दिवस चालवा, मग परत स्कॅन करा. पेंडिंगच्या, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या कोडच्या, यादीतही काही नसेल तर काम झालं. असेल तर तो कोड आणि ट्रिमचे दोन्ही आकडे, आयडलिंगचा आणि २५०० चा, कमेंटमध्ये टाका. नुसतं "दादा लाइट लागलीय" लिहिलंत तर उत्तर मिळणार नाही, आधीच सांगतो.