कडक माउंट घेण्याआधी थोडं गणित

इंजिनाची ताकद वाढवायला रिमॅप (इंजिनाच्या संगणकातला बदल) झाला, इंटेक (हवा आत घेणारा भाग) झाला, डाउनपाइप (धूर बाहेर नेणारा पाइप) झाला, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आता फाउंडेशन, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवणारे रबरी माउंट, कडक करायचं का? आणि विचारणाऱ्याने मनात उत्तर आधीच 'हो' धरलेलं असतं. तर आज नुसतं मत देण्यापेक्षा आपण एक गाडी घेऊ आणि तिच्यावर आकडेमोड करू. गाडी आपल्या चाकणचीच, फोक्सवॅगनची पोलो. २०१३ मध्ये तिच्या जीटी मॉडेलला १.२ लिटरचं टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन मिळालं, चार सिलिंडरचं. २०२० मध्ये १ लिटरचं आलं, तीन सिलिंडरचं. कागदावर टॉर्क (फिरवण्याचा जोर) दोन्हींचा सारखाच, १७५ न्यूटन मीटर. गाडी बनायची थांबली २०२२ मध्ये, पण पोलोवाल्यांचा उत्साह काही थांबलेला नाही.

या गाडीत इंजिन आडवं बसवलेलं आहे. वरच्या बाजूला दोन माउंट, एक इंजिनकडे, एक गिअरबॉक्सकडे. झोपाळा दोन कड्यांना टांगावा तसं सगळं धूड त्या दोघांवर लटकतं. खाली एक छोटा आडवा दांडा असतो, डॉगबोन, जो गिअरबॉक्सला सबफ्रेमशी (गाडीच्या खालच्या सांगाड्याशी) जोडतो. म्हणजे कामाची वाटणी सरळ आहे: वरचे दोघे वजन पेलतात, खालचा इंजिनाचं मागेपुढे डोलणं अडवतो. कल्पना जुनीच. १९३१ साली क्रायस्लरने प्लिमथमध्ये 'फ्लोटिंग पॉवर' आणलं तेव्हाही इंजिन दोन रबरी आधारांवर तोललेलं होतं आणि डोलणं आवरायला वेगळी स्प्रिंग होती. पुढे सिट्रोएनने त्याचा परवाना घेतला.

आता जोर किती येतो ते बघू. पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स आणि फायनल ड्राइव्ह (चाकांआधीचा शेवटचा गिअर) मिळून टॉर्क ढोबळमानाने १४ पट होतो. १७५ गुणिले १४, साधारण २,४५०. पण पुढच्या चाकांवर वजन समजा ६५० किलो, टायरची पकड ०.९, चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर धरली, तर रस्ता जेमतेम १,७०० न्यूटन मीटर घेतो. त्यापुढे चाक फिरणार, धूर निघणार. म्हणजे कंपनीतून आलेली गाडीसुद्धा पहिल्यात माउंटवर जवळजवळ कमाल भार टाकूनच बसलेली आहे. हे लोकांच्या लक्षात येत नाही. रिमॅपने टॉर्क २३० झाला असं समजा. दुसऱ्या गिअरमध्ये साडेसात पट धरली तर १,७२५. म्हणजे जो जोर आधी पहिल्यात येत होता, तोच आता दुसऱ्यातही येतो. कमाल भार वाढला नाही, तो जास्त वेळा यायला लागला. 'टॉर्क वाढला म्हणून माउंट फाटणार' हे जे सांगितलं जातं, त्यात निम्मं विक्रेत्याचं बोलणं असतं.

खरा मारेकरी वेगळा आहे, तो म्हणजे व्हील हॉप. क्लच सोडला, चाक सुटलं, पकडलं, पुन्हा सुटलं. प्रत्येक वेळी इंजिन मागे झुकतं आणि परत उसळतं. पुढून गाडी धडधड नाचायला लागते. डॉगबोन वरच्या माउंटांच्या अक्षापासून ४० सेंटिमीटर खाली आहे असं धरलं तर १,७०० न्यूटन मीटरला त्या दांड्यावर सव्वाचार किलोन्यूटन येतात, म्हणजे चारशे किलोंच्या वर. ते एकदा सावकाश येणं वेगळं आणि सेकंदाला दहा-पंधरा वेळा आपटत येणं वेगळं. चाकं फिरवणारे दांडे, ड्राइव्ह शाफ्टही, इथेच मोडतात.

म्हणून माझं मत सांगतो: कडक करायचा तो फक्त खालचा. वरच्या दोघांना हात लावू नका.

का, ते आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना कळतं. तीन सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दीड स्फोट. ८०० आरपीएमला सेकंदाला २०, म्हणजे २० हर्ट्झ. चार सिलिंडरला दोन स्फोट, साधारण २७ हर्ट्झ. माउंटवर बसलेल्या इंजिनाची स्वतःची वारंवारता या आकड्याच्या बरीच खाली हवी. नेमकं सांगायचं तर १.४१ ने भागल्यावर येईल त्याच्याही खाली. तेव्हाच कंप अडतो, नाहीतर उलट वाढतो. समजा मूळ वारंवारता १० हर्ट्झ आहे. ती ताठरपणाच्या वर्गमुळाने वाढते, म्हणून ताठरपणा दुप्पट केला की १४ होते. १४ गुणिले १.४१ किती? २०. तीन सिलिंडरवाला बरोबर उंबरठ्यावर येऊन उभा! चार सिलिंडरवाल्याला मात्र १९ पर्यंत जागा आहे, म्हणजे साडेतीन पट ताठरपणा. गाडी तीच, पण १.२ वाल्या मित्राने 'काही जाणवत नाही रे' म्हणून सुचवलेला इन्सर्ट (माउंटच्या पोकळीत भरायचा कडक तुकडा) १.० वाल्याने डोळे मिटून घेतला, तर सिग्नलला एसी लावल्यावर आरशातली मागची गाडी धूसर दिसेल.

शोअर ए चा आकडा (रबराचा कठीणपणा मोजायचं माप) बघून खरेदी करणाऱ्यांसाठी एक सूचना. ६० म्हणजे साधारण टायरच्या ट्रेडसारखा, ९५ म्हणजे नखाला अजिबात दाद न देणारा. पण तो पदार्थाचा कठीणपणा आहे, माउंटचा ताठरपणा नव्हे. मूळ डॉगबोनच्या बुशमध्ये (टोकाच्या रबरी कडीत) मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. पहिले काही मिलिमीटर मऊ, मग एकदम कडक. पॉलियुरेथेनचा इन्सर्ट त्याच पोकळ्या भरतो. म्हणून मऊ पदार्थाचासुद्धा, पण पोकळी ठासून भरणारा इन्सर्ट जास्त झणझणतो. तीन सिलिंडरला थोडी फट ठेवणारा, मऊ इन्सर्ट घ्या.

घन अ‍ॅल्युमिनियमचे माउंट? ट्रॅकसाठी ठीक. १९६७ च्या लोटस ४९ मध्ये तर कॉसवर्थचं इंजिन हाच चॅसिसचा मागचा भाग होता, रबराचा प्रश्नच नव्हता. पण त्या गाडीला कात्रजच्या घाटात ट्रॅफिकमध्ये उभं राहायचं नव्हतं.

आणि हे सगळं करण्याआधी जुना माउंट बघा. रबराला चीर आहे का, धातूपासून सुटलंय का. हायड्रॉलिक असेल तर खाली ओघळ आहे का. फाटलेला माउंट काढून कडक टाकला की सुधारणा जाणवतेच, पण ती नव्या मूळ माउंटनेही तितकीच जाणवली असती, आणि डॅशबोर्ड खडखडला नसता. बसवताना डॉगबोनचे बोल्ट नवे घ्या. ते ठरावीक टॉर्क आणि वर ठरावीक अंश असे ताणून कसायचे असतात, एकदा ताणले की परत वापरायचे नसतात. इंजिन जॅकवर उचललेलं असताना शेवटचं कसू नका. जॅक काढा, गाडी हलवून इंजिन आपल्या जागी बसू द्या, मगच पाना लावा.