नाव खोडलं, माणूस सापडला

नमस्कार मित्रमैत्रिणींनो. मोबाइलवर नवं अ‍ॅप घेताना एक वाक्य हमखास समोर येतं: ‘आम्ही गोळा करतो ती माहिती निनावी असते.’ वाचून जरा हायसं वाटतं आणि अंगठा ‘मान्य आहे’कडे वळतो. आज या वाक्याची थोडी झडती घेऊ.

कॉम्प्युटरच्या तासाला सुरक्षेबद्दल तुम्ही पुष्कळ ऐकता. पासवर्ड लांब ठेवा, ओटीपी कुणाला सांगू नका, फायरवॉल, अँटिव्हायरस. सगळं बरोबर आहे आणि त्यावर मी वेळ घालवणार नाही. कारण जी हकिकत सांगणार आहे तिच्यात कुणी कुठलं कुलूप फोडलंच नव्हतं. पासवर्ड चोरीला गेला नाही, व्हायरस शिरला नाही. तरीही एका राज्याच्या गव्हर्नरांच्या आजारपणाच्या नोंदी उघड्या पडल्या.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातली गोष्ट आहे, १९९०च्या दशकातली. सरकारी कर्मचाऱ्यांचा आरोग्य विमा सांभाळणाऱ्या तिथल्या संस्थेने रुग्णालयातल्या नोंदी संशोधनासाठी खुल्या केल्या. त्याआधी नावं काढली, पत्ते काढले, ओळख क्रमांक काढले. रुग्णांची गोपनीयता जपली आहे, अशी ग्वाही खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी दिली. नोंदींमध्ये उरलं काय? जन्मतारीख, स्त्री की पुरुष, पिनकोड आणि उपचारांचा तपशील.

लतान्या स्वीनी तेव्हा एमआयटी या तिथल्या नामवंत तंत्रज्ञान संस्थेत संगणकशास्त्र शिकत होत्या. वेल्ड त्याच राज्यातल्या केंब्रिज शहरात राहतात हे जगजाहीर होतं. स्वीनींनी २० डॉलर मोजून त्या शहराची मतदार यादी विकत घेतली. यादीत नाव, पत्ता, पिनकोड, जन्मतारीख, सगळं होतं. आता दोन तक्ते शेजारी शेजारी. वेल्ड यांच्या जन्मतारखेचे लोक केंब्रिजमध्ये सहा निघाले. त्यातले पुरुष तीन. आणि त्यांच्या पिनकोडचा फक्त एक. झालं! रुग्णालयातल्या नोंदींपैकी वेल्ड यांची नोंद कोणती, ते कळलं.

हे जमलं कसं? कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या. वर्षाचे दिवस ३६५. माणसांची वयं ढोबळमानाने ८० वर्षांत पसरलेली धरू. गुणिले २, स्त्री आणि पुरुष. उत्तर येतं ५८,४००. एवढे वेगवेगळे कप्पे. आता एका पिनकोडात समजा पंचवीस हजार माणसं राहतात. कप्पे माणसांपेक्षा दुपटीहून जास्त झाले. मग बहुतेक जण आपापल्या कप्प्यात एकटे सापडणार, यात नवल काय? स्वीनींनी १९९०च्या जनगणनेवरून हिशेब मांडला, तेव्हा अमेरिकेतले ८७ टक्के लोक या तीन गोष्टींवरून एकमेव ठरण्याची शक्यता दिसली. पुढे २००६ मध्ये फिलिप गोल यांनी नव्या जनगणनेवरून मोजलं, तर आकडा ६३ टक्के आला. कमीच धरा हवं तर. निम्म्याहून जास्त माणसं तरीही उघडी.

बरं, जन्मतारीखही काढली तर? २००६ मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांनी तीन महिन्यांत इंटरनेटवर काय काय शोधलं, ते संशोधकांसाठी जाहीर केलं. नावाच्या जागी प्रत्येकाला एक नंबर दिला होता. पण माणूस स्वतःच्याच आडनावाचे लोक शोधतो, स्वतःच्या भागातले माळी शोधतो, स्वतःची दुखणी शोधतो. काही दिवसांतच पत्रकार त्यातल्या एका आजींच्या दारात हजर झाले. आजींनी कुणालाही काही सांगितलेलं नव्हतं.

फोटोचंही तसंच. लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश गुपचूप लिहिले जातात. अंशाच्या चौथ्या दशांश स्थळावर एकाचा फरक म्हणजे जमिनीवर जेमतेम ११ मीटर. बऱ्याच मेसेजिंग सेवा फोटो पाठवताना ही माहिती गाळतात. पण तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून धाडलात तर ती जशीच्या तशी पोहोचू शकते.

मग माहिती जाहीरच करायची नाही का? तसं केलं तर रोगांच्या साथींचा अभ्यासच थांबेल. एक तोडगा असा की तपशील जाडाभरडा करायचा: पूर्ण तारखेऐवजी फक्त साल, पिनकोडचे पहिले तीनच आकडे, म्हणजे एका कप्प्यात निदान पाच-दहा माणसं पडतील. चांगला आहे, पण अपुरा. कप्प्यातल्या पाचही जणांना एकच आजार असेल, तर तुम्ही त्यातले कोण हे कळायची गरजच उरत नाही.

मला स्वतःला दुसरा उपाय जास्त आवडतो, कारण त्याला साधं नाणं पुरतं. त्याची मूळ कल्पना स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये मांडली. त्याचं सोपं रूप सांगतो. शंभर मुलांना विचारायचंय, ‘परीक्षेत कधी कॉपी केलीत का?’ सरळ विचारलं तर खरं कोण सांगणार! म्हणून प्रत्येकाने लपवून नाणं उडवायचं. छापा पडला तर खरं उत्तर द्यायचं. काटा पडला तर नाणं पुन्हा उडवायचं. आता छापा आला तर ‘हो’ म्हणायचं, काटा आला तर ‘नाही’, खरं काहीही असो. आता कुणी ‘हो’ म्हटलं तरी त्याला धरता येत नाही. नाण्याने म्हणायला लावलं, असं तो खुशाल सांगू शकतो.

समजा ३५ ‘हो’ आले. त्यातले साधारण २५ नाण्याचे. उरले १०, आणि ते खरं बोलणाऱ्या सुमारे पन्नासांतले. म्हणजे वीस टक्के. वर्गाचं चित्र कळलं, मुलगा मात्र कुठलाच कळला नाही.

२००६ मध्ये संगणकशास्त्रज्ञ सिंथिया ड्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विचाराला पक्कं गणित दिलं. अमेरिकेच्या २०२०च्या जनगणनेचे आकडे जाहीर करताना ते वापरलं गेलं. गूगलने २०१४ मध्ये क्रोम ब्राउझरसाठी आणलेल्या एका पद्धतीत तर हे नाणं वापरणाऱ्याच्याच यंत्रात उडायचं. खरं उत्तर सर्व्हरपर्यंत जायचंच नाही, मग तिथून फुटणार काय? फक्त एक मेख आहे. तोच प्रश्न रोज नव्या नाण्याने विचारला, तर ज्याचं खरं उत्तर ‘हो’ आहे तो चारातल्या तीन वेळा ‘हो’ म्हणेल, आणि महिन्याभरात त्याचं बिंग फुटेल. म्हणून त्या पद्धतीत पहिल्या वेळी नाण्यावरून ठरलेलं उत्तर यंत्र जपून ठेवायचं आणि पुढेही तेच वापरायचं.

हा प्रयोग वर्गात जरूर करून बघा, सरांना किंवा मॅडमना विचारून. मात्र वर्गात वीस-पंचवीसच मुलं असतील तर दोन-तीन तुकड्या एकत्र घ्या. नाहीतर नाण्यांच्या लहरीवर आकडा असा हेलकावे खाईल, की कॉपी करणाऱ्यांची संख्या एखादे वेळी चक्क उणे निघायची.