तामारेची राख : देवाचा क्रोध आणि त्याची प्रीती

बंधुभगिनींनो, ज्या भाषेने क्रोधाला षड्रिपूंमध्ये बसवले, त्या भाषेत देवाच्या क्रोधाविषयी बोलणे अवघड आहे. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील या व्याख्यानाला नागपूरच्या सदर आणि सिव्हिल लाइन्समधील आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांचे सभासद आहेत, तशीच इंदोऱ्याहून आलेली बौद्ध मित्रमंडळीही आहेत. देवाला माउली म्हणत वाढलेल्या माणसाला, किंवा द्वेष हा मनातून निपटून काढायचा विकार आहे असे शिकलेल्या माणसाला, ‘देवाचा क्रोध’ हे शब्द खटकणारच. मलाही ते अनेक वर्षे खटकत आणि प्रवचनात मी ते शिताफीने टाळत असे. ते टाळणे बरोबर नव्हते, हे मला बायबलमधील शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील तेराव्या अध्यायाने शिकवले.

दावीद राजाचा थोरला मुलगा अम्नोन याने आजारपणाचे सोंग करून आपली सावत्र बहीण तामार हिला घरी बोलावून घेतले, तिच्यावर बलात्कार केला आणि मग तिला नोकराकरवी बाहेर काढून दाराला अडसर घातला. तामारेने डोक्यात राख घातली, अंगावरचा पायघोळ झगा फाडला आणि ती रडत ओरडत निघून गेली. हे ऐकून दावीद फार संतापला, असे शास्त्र सांगते. आणि त्यापुढे दाविदाने काय केले याविषयी एक अक्षरही नाही. मुलावर त्याचे प्रेम होते, म्हणूनच त्याने काही केले नसावे. दोन वर्षांनी तामारेचा सख्खा भाऊ अबशालोम याने मेंढरांच्या लोकरकातरणीच्या मेजवानीत अम्नोनाला मारून टाकले. पुढे तोच अबशालोम बापाविरुद्ध उठला आणि युद्धात मारला गेला. तेव्हा वेशीवरच्या माडीत जाऊन दावीद रडला : अबशालोमा, माझ्या पुत्रा, तुझ्याऐवजी मीच मेलो असतो तर किती बरे झाले असते!

आता मी आपल्याला विचारतो, तामारेला कसला देव हवा आहे? ज्याला राग येतच नाही असा? ज्याला राग येतो, पण जो मुलाच्या मायेपोटी गप्प बसतो असा? ज्या घरात मुलीवर अत्याचार होतो आणि वडीलधारी मंडळी ‘झाले गेले विसरून जा’ असे म्हणतात, त्या घरात प्रेमाची उणीव नसेलही. पण त्या प्रेमाने त्या मुलीला एकटे टाकलेले असते. प्रीती करणाऱ्याला प्रियजनाची विटंबना पाहून जे वाटते, त्यालाच शास्त्र क्रोध म्हणते. विकाराचा क्रोध स्वतःच्या दुखावलेल्या अभिमानातून उठतो, आणि देवाच्या क्रोधाविषयी बोलताना हा भेद विसरणारे प्रवचनकार आपल्याकडे पुष्कळ आहेत, हे मी दुःखाने म्हणतो.

आपण मराठीत म्हणतो, अमक्याच्या नाकावर राग असतो. जुन्या कराराच्या इब्री (हिब्रू) भाषेतही ‘अफ’ या शब्दाचा अर्थ नाक असा होतो आणि राग असाही होतो. निर्गम या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायात देव मोशेला स्वतःची ओळख सांगतो, तेथे आपल्या शास्त्रात ‘मंदक्रोध’ हा शब्द आहे. मूळ शब्दप्रयोग शब्दशः ‘लांब नाकाचा’ असा आहे. राग शेंड्यापर्यंत यायला ज्याला फार वेळ लागतो, तो. त्याच ओळखीत देव हजारांवर दया करतो आणि तरीही अपराध्याची गय करीत नाही, असेही आहे. योहान ‘देव प्रीती आहे’ असे लिहितो; ‘देव क्रोध आहे’ असे कोणीही कुठेही लिहिलेले नाही.

या दोन गोष्टी एकत्र सोसवेनात, म्हणून मार्कियन नावाच्या शिक्षकाने जुन्या कराराचा न्यायी देव वेगळा आणि येशूचा प्रेमळ पिता वेगळा, असे दोन देव मानले. 144 साली रोमच्या मंडळीपासून तो वेगळा झाला. त्याचे मत आजही आपल्या बोलण्यात डोकावते. पण 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय प्रवाशाकडून जो नवा करार मिळाला, त्यातल्या ज्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना मोहून टाकले, त्याच प्रवचनात शत्रूवर प्रीती करण्याची आज्ञाही आहे आणि न्यायाच्या दिवसाचा कडक इशाराही आहे. बोलणारा एकच आहे.

मग वधस्तंभावर काय घडले? आपण मुलांना गोष्ट सांगतो : न्यायाधीशाने आरोपीला दंड ठोठावला आणि स्वतःच खिशातून भरला. ही गोष्ट दंडापुरती ठीक आहे. फाशीच्या शिक्षेत एकाऐवजी दुसऱ्या निरपराध माणसाला चढवणे कोणतेही न्यायालय मान्य करणार नाही, आणि करूही नये. संतापलेल्या बापाने निरपराध मुलावर राग काढला, असे वधस्तंभाचे वर्णन कोणी करीत असेल तर ते मला अमान्य आहे. प्रेषित पौल म्हणतो की देव स्वतः ख्रिस्तामध्ये जगाचा आपल्याशी समेट करीत होता. तिथे तिऱ्हाईत कोणी नव्हता.

विदर्भातल्या माणसाला कर्जमाफी समजावून सांगावी लागत नाही. कर्ज माफ झाले म्हणजे ती रक्कम हवेत विरत नाही. ती कोणाच्या तरी तिजोरीतून जाते. क्षमा करणाराच तोटा सोसतो. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल देवाच्या क्रोधाचे वर्णन करताना एकच ग्रीक क्रियापद तीनदा वापरतो : देवाने त्यांना ‘सोपून दिले’. माणसाला त्याच्याच वाटेवर सोडून देणे, हा तो क्रोध. आणि आठव्या अध्यायात तेच क्रियापद पुन्हा येते : देवाने आपल्या पुत्राला राखून न ठेवता आपणा सर्वांकरिता ‘सोपून दिले’. माझ्या समजुतीप्रमाणे पौलाने हा शब्द सहज पुन्हा वापरलेला नाही. दाविदाने वेशीवरच्या माडीत जे नुसते बोलून दाखवले, ते येथे घडले.

पण तामारेचे काय? तिच्या अपराध्याला क्षमा मिळू शकते, म्हणून तिला आपण पुन्हा गप्प बसवणार का? नासरेथच्या सभास्थानात येशूने यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाची गुंडाळी उघडली आणि एकसष्टावा अध्याय वाचला. परमेश्वराच्या प्रसादाच्या वर्षापर्यंत तो आला आणि वाक्य अर्धवट सोडून त्याने गुंडाळी बंद केली. पुढचे शब्द आहेत, आमच्या देवाचा सूड घेण्याचा दिवस. ते त्याने खोडले नाहीत. त्या दिवशी वाचले नाहीत, एवढेच. आणि त्यांच्या लगेच पुढे, त्याच वाक्यात, शोक करणाऱ्यांना राखेऐवजी शिरोभूषण देण्याचे वचन आहे.