चिरेखाण: खड्ड्याचा हिशेब पहिल्या कापाआधी

[दृश्य: मे महिना. उघड्या सड्यावरची (कातळी पठारावरची) चिरेखाण, रुळांवर चालणारे कटिंग मशीन.]

गोव्यात खाण म्हटले की लोक लोहखनिजाबद्दल बोलू लागतात. घराच्या भिंतीतला चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा कापलेला ठोकळा, येतो तो मात्र गावाच्या वेशीवरच्या लहान खाणींतून. पेडणे, डिचोली, केपे अशा तालुक्यांत त्या सड्यावर विखुरलेल्या आहेत. एकेकीचे क्षेत्र जेमतेम हेक्टरभर, आणि म्हणूनच त्यांच्याकडे दुर्लक्ष होते.

मशीन कसे चालते ते जवळून पाहू. कातळावर रूळ टाकतात. उभे पाते आधी एका दिशेने काप घेते, मग त्याला काटकोनात. शेवटी आडवे पाते चिरा बुडापासून सोडवते. थर उचलला की रूळ खाली जातात, पुन्हा तेच. त्यामुळे खाणीची भिंत सुरीने कापल्यासारखी सरळ उभी राहते. मध्ये पायरी नाही, उतार नाही. पावसाळ्यात खड्डा भरला की आत पडलेल्या माणसाला किंवा गुराला वर यायला जागाच नसते. अशा खड्ड्यांत मुले बुडतात. हे टाळता येते, आणि ते टाळण्याचे काम खाण सुरू होण्याआधीच करावे लागते.

कागदांत कमतरता नाही. चिरा हे गौण खनिज. त्याला गोवा गौण खनिज सवलत नियम, १९८५ लागू होतात आणि परवाना खाण खाते देते. पाच हेक्टरांपेक्षा लहान खाणीलाही पर्यावरण परवाना हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सांगितले. ८ जानेवारी २०२० रोजी त्याच न्यायालयाने आणखी एक अट घालायला लावली: काम संपले की खाणपट्ट्यात पुन्हा गवत उगवले पाहिजे, जमीन चाऱ्याला आणि झाडाझुडपांना योग्य झाली पाहिजे.

[दृश्य: उतारावरचा खड्डा. वरच्या काठावरून सोडलेला टेप.]

सहा मीटर हा आकडा लक्षात ठेवावा. खोली सहा मीटरांच्या आत, दिवसाला माणसे पन्नासपर्यंत आणि स्फोटके नाहीत, या तिन्ही गोष्टी असतील तर खाणसुरक्षेच्या कायद्यातून चिरेखाणीला बरीचशी सूट मिळते. एक जरी मोडली तरी खाणसुरक्षा महासंचालनालयाचा अंमल सुरू होतो. खोली मोजायची ती सर्वांत उंच बिंदूपासून सर्वांत खोल बिंदूपर्यंत. गडबड होते ती इथेच. उताराच्या जागी खालच्या काठावरून टेप सोडला तर पाच मीटर भरतात, वरच्या काठावरून आठ. पाहणी ऑक्टोबरात केली तर टेप पाण्यातच जातो. मोजणी एप्रिल-मेमध्येच व्हावी, आणि खड्ड्याबाहेर पक्की खूण रोवून तिच्या पातळीवरून व्हावी.

आता मुख्य हिशेब, खड्डा परत भरण्याचा. एक हेक्टर खड्डा, सहा मीटर खोल: साठ हजार घनमीटर. सड्यावरची माती सरासरी वीस सेंटिमीटर धरली तर ती दोन हजार घनमीटर. दगडाचा तिसरा हिस्सा तुकडे, भुसा आणि मऊ दगड म्हणून मागे राहिला, आणि मोकळा झाल्यावर तो तीस टक्के फुगला, असे धरू. मातीसकट मिळतात साधारण सत्तावीस हजार घनमीटर. खड्डा निम्माही भरत नाही. उरलेला भरायला दहा घनमीटरच्या ट्रकच्या तीन हजारांवर खेपा लागतील. इतकी स्वच्छ माती आणायची म्हणजे दुसरीकडे दुसरा खड्डा.

म्हणून ‘खड्डा पूर्ण बुजवू’ असे लिहिलेला आराखडा आम्हाला पटत नाही. पण हाच माल भिंतीला टेकवून एकास दोन (एक मीटर उंचीला दोन मीटर आडवा) उतार केला तर भिंतीच्या प्रत्येक मीटरला छत्तीस घनमीटर लागतो. चारशे मीटर परिघाला होतात साधारण साडेचौदा हजार. म्हणजे खाणीतला मालच पुरतो, आणि वर सगळी माती पसरली तर फुटापेक्षा जाड थर बसतो. अट एकच: तो माल जागेवर राहिला पाहिजे. प्रत्यक्षात चिऱ्यांच्या मागोमाग तुकडे आणि मातीही प्लॉटच्या भरावासाठी विकली जाते. त्या ट्रकांतून पुनर्भरणच निघून जात असते. तपासणीला आलेल्या माणसाने रोपे मोजण्याआधी मातीचा ढीग मोजावा.

ढीग दोन मीटरपेक्षा उंच नको. आतल्या मातीला हवा मिळत नाही आणि तिच्यातले जीव मरतात. पावसाआधी त्यावर गवत हवे. खड्ड्याभोवती चर खणून बाहेरचे पाणी वळवावे. दिवसाला शंभर मिलिमीटर पाऊस गोव्यात नवीन नाही. तेवढ्यात एका हेक्टरवर हजार घनमीटर पाणी पडते आणि गाळ थेट खालच्या शेतात उतरतो.

खोदाई कुठे थांबवायची, हे जांभ्याखालची पिवळी-पांढुरकी चिकणमाती सांगते. जांभ्यातून मुरलेले पाणी तिच्यावर अडते आणि सड्याच्या पायथ्याशी झर होऊन कुळागरांना (सुपारी-नारळाच्या बागांना) मिळते. खड्डा त्या मातीपर्यंत गेला तर पाण्याची वाट तुटते. अशा खड्ड्यात कचरा किंवा इमारतींचा मलबा टाकू देऊ नये. झिरपणारे घाण पाणी शेजारच्या विहिरींत पोचते.

[दृश्य: उतारावरची करवंदाची जाळी, कुड्याची रोपे.]

भराव तीस-तीस सेंटिमीटरच्या थरांनी दाबायचा. मोठे तुकडे तळाला, बारीक माल वर, शेवटी माती. अकेशिया लावला की फोटो लवकर हिरवा येतो, पण त्याच्या पानांच्या थराखाली फारसे काही उगवत नाही. त्यापेक्षा आधी गवत, मग करवंद, कुडा, पायर, आणि माती जाड असेल तिथे काजू. पहिल्या पावसात उतारावर घळी पडतात. त्या तुकड्यांनी लगेच बुजवाव्यात, नाहीतर दुसऱ्या पावसात माती तळाला जाते.

ग्रामसभेत खाणीचा विषय आला की पर्यावरण परवान्यातल्या अटी, सीमाखांबांचा नकाशा आणि मे महिन्यातली खोलीची मोजणी मागावी. जमीन कोमुनिदादची (गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेची) असेल तर तिच्या समितीनेही मागावी. खाणमालकाने ट्रान्झिट पासवर (माल वाहून नेण्याच्या परवान्यावर) किती चिरे नेले तेही पाहावे. चिरा ३९ × १९ × १९ सेंटिमीटरचा धरला तर घनमीटरला जास्तीत जास्त एकाहत्तर निघतात. पासवरच्या चिऱ्यांना एकाहत्तरने भागले की निव्वळ दगडाचे घनमीटर मिळतात. खड्डा त्याच्या दीडपटीहून बराच मोठा आणि जागेवर ढीगही नाही, असे दिसले तर खाण खात्याकडे लेखी तक्रार करावी.