इटालियन गाडी, एमएच-१३

[दृश्य: सात रस्ता चौक, सकाळची वर्दळ]

सोलापुरात इटालियन गाड्या भरपूर आहेत. फक्त त्यातल्या बहुतेकांना तीन चाकं आहेत.

सात रस्त्याला पाच मिनिटं थांबा. शाळेची पोरं कोंबलेली ॲपे रिक्षा जाईल, तिच्यामागं टॉवेलचे गठ्ठे लादलेली मालवाहू ॲपे. कंपनी पियाजिओ, मूळची इटलीची. कारखाना बारामतीचा, १९९९ पासूनचा. त्याआधीच्या पिढीनं बजाजची म्हणून जी स्कूटर चालवली, ती १९७१ पर्यंत पियाजिओच्याच परवान्यावर बनणारी व्हेस्पा होती. लग्नात मिळालेली, सकाळी चालू होईना म्हणून अंगणात आडवी केलेली, तरी वर्षानुवर्षं घरात टिकलेली. तिच्याबद्दल कधी कुणी विचारलं नाही, की बाबा, इटालियन यंत्र आहे, भरवशाचं असेल का? गरजच पडली नाही. मिस्त्री कोपऱ्यावर बसत होता आणि पार्ट त्याच्या पत्र्याच्या डब्यात होता.

चाकं दोन झाली आणि किंमत चार लाखांच्या वर गेली, की हा प्रश्न सुरू होतो.

[दृश्य: अक्कलकोट रोड एमआयडीसी, टॉवेल कारखान्याची शेड, मागांचा आवाज]

या फिल्ममध्ये ज्यांचा आवाज अधूनमधून ऐकू येईल, ते टेरी टॉवेलच्या धंद्यातले. चेहरा दाखवू नका म्हणाले. दोन गाड्या बघून ठेवल्यात आणि घरात एकीचीही किंमत अजून सांगितलेली नाही. एक पुण्यातली सेकंडहँड डुकाटी मॉन्स्टर. दुसरी नवीकोरी एप्रिलिया आरएस ४५७. दोन्ही इटालियन कंपन्यांच्या मोटरसायकली. त्यांच्या शेडमध्ये रॅपियर माग आहेत, इटलीत बनलेले, जुने आणलेले. त्यामुळे इटालियन यंत्राचं त्यांना फार कौतुकही नाही आणि धाकही नाही. आम्ही म्हटलं, डुकाटी बिघडते म्हणतात हो फार. ते म्हणाले, "बिघडंना का. माग पण बिघडतोयच की. जॉबर येतोय, दोन तासांत चालू करून जातोय. ही उभी किती दिवस ऱ्हाणार, ते सांगा." जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा.

उत्तर शोधायला आम्ही निघालो. पण आधी बिघडण्याचं बघू, कारण त्यावर कट्ट्यावरच्या गप्पा जास्त आणि आकडे कमी.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या संस्थेनं आपल्या वाचकांना त्यांच्या मोटरसायकलींबद्दल विचारलं. गाडी चार वर्षांची होईपर्यंत तिच्यात काही मोठं बिघडण्याचं प्रमाण त्यांनी काढलं. यामाहा ११ टक्के, होंडा आणि सुझुकी १२. हार्ले डेव्हिडसन २६. डुकाटी ३३. म्हणजे दर तीन गाड्यांत एक. ऐकून छातीत धस्स होतं. पण त्याच यादीत बीएमडब्ल्यू ४० टक्क्यांवर आहे, आणि "जर्मन गाडी आहे, घेऊ नको" असं सोलापुरात आम्हाला कुणी म्हणालं नाही. नावाचा दबदबा असा असतो. दुसरं म्हणजे तक्रारी इंजिन फुटल्याच्या कमी होत्या. दिवे, स्विच, वायरिंग, ब्रेक, पेट्रोल पोचवणारी यंत्रणा, अशा गोष्टी जास्त. ज्यानं गाडी उभी राहते ते बहुतेकदा हातात मावेल एवढंच असतं. बाकी हा सर्व्हे जुना आहे, अमेरिकेतला आहे, आणि तिथं ४४ अंशांत भैय्या चौकात सिग्नलला कुणी उभं राहत नाही, हेही लक्षात ठेवायचं.

[दृश्य: डुकाटीच्या इंजिनाचा जवळून फोटो]

डुकाटीचं मेंटेनन्स महाग, हा लौकिक मात्र खरा, आणि त्याच्यामागं एका माणसाचा हट्ट आहे. फाबिओ ताल्योनी. १९५४ मध्ये ते बोलोन्याच्या या कंपनीत आले. साध्या इंजिनात व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरची झडप, उघडतो कॅम नावाचा फिरता उंचवटा आणि बंद करते स्प्रिंग. खूप वेगात स्प्रिंग मागं पडते, व्हॉल्व्ह वेळेवर बसत नाही. ताल्योनींनी व्हॉल्व्ह बंद करायलाही वेगळा रॉकर, म्हणजे ओढणारी छोटी दांडी, दिला. यालाच डेस्मो म्हणतात. १९५६ मध्ये ते रेसच्या गाडीत आलं, १९६८ मध्ये रस्त्यावरच्या. शर्यतीत त्याचा फायदा झाला, वर्कशॉपमध्ये मात्र काम वाढलं. प्रत्येक व्हॉल्व्हला उघडायची फट वेगळी आणि मिटायची वेगळी, दोन्ही मोजायच्या, दोन्ही जुळवायच्या. पूर्वी हे काम फार लवकर लवकर करावं लागायचं. पुढं ९३७ सीसी मॉन्स्टरला ते ३०,००० किलोमीटरवर आलं. मल्टिस्ट्राडा व्ही४ च्या इंजिनात तर डुकाटीनं स्वतःच डेस्मो काढून स्प्रिंग घातली आणि व्हॉल्व्हची तपासणी थेट ६०,००० वर नेली. ताल्योनींच्या भक्तांना ते रुचलं नाही. सोलापूरकर भक्ताला रुचायला हवं.

सेकंडहँड घेणाऱ्यानं आणखी एक गोष्ट बघायची, ती किलोमीटरमध्ये दिसत नाही. डुकाटीच्या मॉन्स्टर किंवा स्क्रॅम्बलरच्या इंजिनात कॅम फिरवणारे रबरी टायमिंग बेल्ट असतात. ते पाच वर्षांनी बदलायचेच, गाडी चालो वा न चालो. जाहिरातीत "फक्त ६,००० किलोमीटर, रविवारीच चालवलेली" असं असतं ना, त्यातच मेख असते. गाडी सहा वर्षांची असेल आणि बेल्ट मूळचेच असतील, तर तो खर्च विकणाऱ्यानं हुशारीनं तुमच्या नावावर टाकलेला असतो. सर्व्हिस बुकात बेल्टची नोंद नसेल तर भाव तिथंच पाडायचा. नोंद फाटलीय, हरवलीय, मित्राकडं आहे, असं कानावर आलं की चहा पिऊन निघायचं.

[दृश्य: पुणे नाका, महामार्गाचा फलक]

आता अंतराकडं येऊ.

हा राष्ट्रीय महामार्ग ६५. पश्चिमेला पुणे, अडीचशे किलोमीटर. पूर्वेला हैदराबाद, तीनशेच्या थोडं वर. सोलापूर मधोमध, आणि मोठ्या इटालियन गाडीचं अधिकृत वर्कशॉप शोधायचं तर या रस्त्याला लागावंच लागतं.

साधा हिशोब मांडू. डुकाटीची पहिली सर्व्हिस १,००० किलोमीटरला. गाडी पुण्यातून घरी आणली, अडीचशे झाले. पहिल्या सर्व्हिसला परत नेली, आणखी अडीचशे. म्हणजे पहिल्या हजारातले पाचशे नुसते आणण्या-नेण्यात. होटगी रोडवर, विजापूर रोडवर मिरवायला उरले पाचशे. हौशी माणूस म्हणेल, त्यातच मजा आहे. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवणला मासे, उजनीचं पाणी. बरोबर आहे. पण ही मजा चालू गाडीची. बंद गाडी याच रस्त्यानं छोटा हत्तीत दोऱ्या बांधून जाते, आणि मालक ड्रायव्हरशेजारी बसून दर खड्ड्याला मागं वळून बघतो.

वॉरंटीबद्दल लोक फार बोलतात. वॉरंटी पार्टचे पैसे भरते, दिवस भरून देत नाही. विकत घेताना विचारायचं ते हे, की रात्री मोहोळच्या पुढं गाडी बंद पडली तर टोचन करून न्यायला कोण येणार, किती किलोमीटरपर्यंत फुकट आणि पुढं काय दर. उत्तर लेखी घ्यायचं.

स्थानिक मिस्त्रींना कमी लेखायचं काही कारण नाही. ऑइल, फिल्टर, चेन, ब्रेक पॅड, बॅटरी हे सगळं इथं होतं. चाकाचं बेअरिंग गेलं तर इटलीला फोन करायची गरज नसते. रिंगवर कोरलेला नंबर जगभर तोच. आमच्या टॉवेलवाल्यांना हे आधीपासून ठाऊक होतं, मागांची बेअरिंगं ते अशीच नंबर सांगून आणतात. अडतं ते स्कॅनरपाशी. डिस्प्लेवर पिवळा दिवा लागला, त्याचं कारण वाचायला कंपनीचं यंत्र लागतं, आणि ते पुण्यात. हात कितीही कसबी असू दे, जे दिसतच नाही ते दुरुस्त कसं करणार?

गंमत म्हणजे इटालियनांतली सोलापूरच्या मिस्त्रीला सगळ्यात सोपी जाईल अशी गाडी आपल्याकडं जवळजवळ कुणी घेतच नाही. मोटो गुझीची व्ही७. दोन सिलिंडर डावी-उजवीकडं बाहेर आलेले, हवेवर थंड होणारे. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट करायला एक पाना आणि फट मोजायची पट्टी, फिलर गेज, पुरते. चेन नाही, शाफ्ट आहे. १९२१ पासूनची कंपनी.

[दृश्य: बंद शटर, धूळ बसलेली मोटरसायकल]

गाडीपेक्षा तिच्या पाठीशी कोण उभं आहे हे जास्त महत्त्वाचं कसं, याचं उदाहरण आपल्याच मुलखात घडलं. बेनेली ही १९११ ची, इटलीतल्या पेझारोची कंपनी. २००५ पासून मालकी चिनी छ्यानजियांगकडं. २०१५ मध्ये पुण्याच्या डीएसके समूहानं ती भारतात आणली, जुळणी साताऱ्याच्या वाईत. टीएनटी ३०० चा आवाज ऐकून कितीतरी पोरांनी कर्ज काढलं. मग डीएसके समूह आर्थिक संकटात सापडला. गाड्या तशाच होत्या, इंजिनं ठणठणीत होती, पण पार्ट मागायचा कुणाकडं? २०१८ मध्ये हैदराबादच्या महावीर समूहानं बेनेलीचा कारभार हाती घेतला, आणि सोलापूरच्या मालकाचं तोंड पुण्याकडून हैदराबादकडं वळलं. रस्ता तोच, दिशा उलटी.

एमव्ही अगुस्ताचं तसंच. २०१६ मध्ये किनेटिक समूहानं या गाड्या भारतात आणल्या, दिसायला अशा की नजर हटू नये. पुढं विक्री थांबली. तिकडं इटलीत कंपनीची मालकीही हातोहात फिरली, मधे केटीएमकडं गेली आणि केटीएमच अडचणीत आल्यावर परत आली. अशा गाडीचं क्लच कव्हर फुटलं तर ते परदेशातून मागवायचं आणि कस्टमचं बिल बघून गप्प बसायचं.

[दृश्य: बारामती एमआयडीसीकडं जाणारा रस्ता]

या पार्श्वभूमीवर एप्रिलियाची गोष्ट वेगळी वाटते. इटलीतल्या नोआले गावची कंपनी, २००४ पासून पियाजिओच्या ताब्यात. आरएस ४५७ डिसेंबर २०२३ मध्ये ४ लाख १० हजार एक्स-शोरूम किमतीला आली आणि ती बनते बारामतीत. सोलापूरपासून दीडशे-एकशेसाठ किलोमीटर. बाहेरच्या देशांतही इथूनच जाते. दोन सिलिंडर, ४५७ सीसी, सुमारे ४७ अश्वशक्ती, साध्या स्प्रिंगचे व्हॉल्व्ह. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांना जीएसटी ४० टक्के झाला, तो हिलाही लागतो. तरी परदेशातून तयार आणायच्या गाडीवरची आयात ड्युटी वाचते.

पण कारखाना जवळ म्हणजे पार्ट जवळ, असं कुणी समजू नये. कारखान्याच्या गेटवर जाऊन रेडिएटर मिळत नाही. पार्ट डीलरच्या ऑर्डरनंच येतो. आणि ज्या दुकानात एप्रिलियाची स्कूटर मिळते तिथं ४५७ ची सर्व्हिस होईलच असंही नाही. हे शोरूमच्या काउंटरवर विचारून उपयोग नाही, मागं वर्कशॉपमध्ये जाऊन फोरमनला विचारायचं, की या इंजिनाचं ट्रेनिंग तुमच्यापैकी कुणी घेतलंय. तो कुणाकडं बोट दाखवतो का, ते बघायचं.

[दृश्य: उसाची ट्रॉली, पेट्रोल पंप]

एक मुद्दा खास आपल्या जिल्ह्याचा. सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा, त्यातल्या अनेकांना इथेनॉलचे प्रकल्प जोडलेले. तेच इथेनॉल आता २० टक्क्यांपर्यंत पेट्रोलमध्ये मिसळून परत आपल्या टाकीत येतं. २००० च्या दशकातल्या काही डुकाटींना नायलॉनच्या टाक्या होत्या. इथेनॉलच्या पेट्रोलनं त्या फुगल्या, बिजागरी जुळेनात, आणि अमेरिकेत ग्राहक कोर्टात गेले. तेव्हा जुनी मॉन्स्टर बघताना टाकी उचलून परत बसते का, हे बघूनच पुढचं बोलायचं.

आणि मे महिना. डुकाटीचा मागचा सिलिंडर मांडीखाली, हवा त्याला कमी. डुकाटीचं चार सिलिंडरचं व्ही४ इंजिन गाडी थांबली की मागचे सिलिंडर आपोआप बंद ठेवतं, इतका हा ताप कंपनीलाही मान्य आहे. सोलापुरात त्यावर उपाय जुनाच, सकाळी सहाला निघायचं आणि ऊन चढायच्या आत घरी.

[दृश्य: पुन्हा टॉवेलची शेड, फोनवर बोलणारा माणूस, पाठमोरा]

आमच्या टॉवेलवाल्यांनी शेवटी त्यांच्या धंद्यातली रीत वापरली. माग घ्यायच्या आधी ते सुट्या भागांची चौकशी करतात. तसंच दोन्ही डीलरना फोन लावला आणि तीन वस्तूंचे भाव आणि दिवस विचारले: क्लच लिव्हर, पुढचा इंडिकेटर, रेडिएटर. गाडी उभ्याउभ्या पडली तर जातं तेच. एका डीलरनं लिव्हर आणि इंडिकेटर शेल्फवर असल्याचं सांगितलं, कुरिअरनं तिसऱ्या दिवशी पोचेल म्हणाला. रेडिएटरचं बघून सांगतो म्हणाला. दुसऱ्यानं विचारलं, "सर, गाडी अजून घेतलीच नाही, मग पार्ट कशाला?"

त्याचं नाव यादीतून गेलं. पहिल्याकडून रेडिएटरचा भाव आमचं शूटिंग संपेपर्यंत आला होता. किती दिवस लागतील, ते आलं नव्हतं. ॲडव्हान्स अजून भरलेला नाही.