हृदयाचं ठिगळ

(दृश्य: काचेच्या टाक्यांच्या रांगा, पट्टेरी मासे)

तीन-चार सेंटिमीटरचा हा झेब्राफिश. मूळचा आपल्याच उपखंडातला. ओढ्यांत, भातखाचरांत सापडणारा. याचं हृदय जेमतेम एक मिलिमीटरचं. रक्त आत घेणारं एक अलिंद, ते बाहेर ढकलणारा एक निलय, संपलं.

(दृश्य: ओला स्पंज, मायक्रोस्कोपखालचे हात)

भूल दिलेला मासा स्पंजच्या खाचेत उताणा ठेवलाय. छातीवर बारीकसा छेद. आत हलतोय तो निलय. आता ही धातूची सळई बघा. उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमधून काढून ती निलयाला टेकवायची, काही सेकंदच. टेकली तेवढ्या जागेतले स्नायू मेले. मासा परत पाण्यात. कल्ल्यांवर पिपेटने पाणी सोडत राहिलं की तो भानावर येतो आणि पोहू लागतो.

हार्ट अटॅकमध्ये रक्त अडून स्नायू मरतो, इथे थंडीने. पुढची डागडुजी मात्र सुरुवातीला सारखीच.

(दृश्य: हृदयाचे रंगवलेले काप)

नारिंगी तो स्नायू. लाल ते फायब्रिन, गोठलेल्या रक्तातलं धाग्यांसारखं प्रथिन. आणि निळं ते कोलॅजेन, पेशींना बांधून ठेवणाऱ्या संयोजी ऊतीचं चिवट प्रथिन. या निळ्याला खलनायक ठरवायची घाई नको. स्नायू मेल्या जागी हे ठिगळ पडलंच नाही, तर रक्ताच्या दाबाने हृदयाची भिंत फाटू शकते. माणसात ते कायमचं बसतं, ताठ आणि न आकुंचणारं. माशात काही महिन्यांनी घेतलेल्या या कापात निळं बघा किती उरलंय! तिथे नवा स्नायू आलाय.

ठिगळ घालणाऱ्या पेशी माशातून काढूनच टाकल्या तर? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तेही करून पाहिलं गेलं. हृदयाच्या स्नायूपेशींची वाढच मंदावली. म्हणजे भरून येण्यासाठी माशालाही व्रण, म्हणजेच हे ठिगळ, लागतो. फक्त त्या पेशी काम झाल्यावर शांत होतात.

(दृश्य: जेलवर धडधडणाऱ्या पेशी)

ताठरपणाचा प्रश्न वेगळा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये गर्भावस्थेतल्या हृदयपेशी कमी-जास्त कडक जेलवर वाढवल्या. हृदयाइतक्या मऊ जेलवर त्या छान धडधडल्या. व्रणाइतक्या कडक जेलवर नुसत्या ताणत राहिल्या, आणि थांबल्या.

माणसाचा जुना व्रण विरघळवून तिथे स्नायू उगवणारं औषध अजून नाही. माशाच्या हृदयावरचं काम पुण्यात आघारकर संशोधन संस्थेतही चालू आहे.