जुन्या लेगो किल्ल्यांचा ढीग: धुण्याआधी वाचा

[टेबलावर अर्धा उपसलेला टब]

नमस्कार मंडळी. हा टब बघा. करडे ब्रिक, म्हणजे एकमेकांत बसणारे लेगोचे प्लास्टिकचे ठोकळे, काळे ब्रिक, मधूनच एखादी ढाल, आडवा पडलेला घोडा, हात निसटलेले शिपाई आणि तळाशी भरपूर धूळ. जुन्या लेगो किल्ल्यांचा सेकंडहँड साठा घेतला की तो बहुतेक वेळा असाच येतो. खोके नसतात, सूचनापुस्तिका नसतात, आणि चार-पाच सेट एकमेकांत पार मिसळलेले असतात.

असा ढीग हाती आला की सगळं सुटं करावं आणि साबणाच्या पाण्यात बुडवावं असं वाटतं. तेवढा मोह आवरा. या ढिगात कुठले किल्ले आहेत हे तो ढीगच सांगतो, आणि पहिल्याच धुण्यात त्यातली निम्मी माहिती पुसली जाते. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी ओळखायचं, मग धुवायचं, मग वेगळं करायचं, आणि बांधायचं सगळ्यात शेवटी.

[जोडलेला भिंतीचा तुकडा उचलून]

हा तुकडा बघा. भिंतीचे तीन-चार थर एकमेकांत घट्ट बसलेत, एका टोकाला बिजागरी आहे आणि बाजूला साखळीचा उरलेला भाग लोंबतोय. बिजागरी आहे म्हणजे हा किल्ला मधून उघडणारा असणार. १९८४ चा किंग्ज कॅसल, नंबर ६०८०, असाच उघडतो. साखळी आहे म्हणजे जवळच कुठेतरी खंदकावरचा उचलता पूल होता. हा तुकडा पाण्यात सुटा झाला असता तर माझ्याकडे उरले असते आणखी थोडे करडे ब्रिक, जे कुठल्याही सेटचे असू शकतात. त्यामुळे जे जे जोडलेलं सापडेल ते तसंच बाजूला काढा, दोन्ही बाजूंनी फोटो घ्या आणि वेगळ्या पिशवीत ठेवा. एखाद्या मुलाने मनाने जोडलेलं काहीतरीही यात निघेल. तेही राहू द्या, कारण त्या मुलाने वापरलेले पीस बहुतेक हाताशी असलेल्या सेटमधलेच असतात.

आता ओळखायचं कसं? साध्या ब्रिकच्या मागे लागू नका. दोन बाय चारचा ब्रिक शेकडो सेटमध्ये असतो, त्यावरून काहीच कळत नाही. शोधायचे ते थोड्याच सेटमध्ये आलेले पीस: शिपायांच्या छापील छात्या, ढाली, झेंडे, किल्ल्याच्या मोठ्या भिंतींची पॅनल आणि बेसप्लेट, म्हणजे किल्ल्याखालचा मोठा पाया.

आणि इथे थोडा इतिहास माहीत असला की काम फार सोपं होतं. लेगोचा पहिला मोठा किल्ला आला १९७८ मध्ये, नंबर ३७५, आणि तो चक्क पिवळा होता. हात-पाय हलणारी छोटी माणसं, म्हणजे मिनिफिगर, तीही त्याच वर्षीची. ती घडवणारे डिझायनर येन्स न्युगोर नुडसन. त्या पिवळ्या किल्ल्यात १४ माणसं होती, पण साचातला घोडा तेव्हा नव्हता, घोडे ब्रिक जोडूनच केलेले होते. तयार घोडा १९८४ मध्ये आला. म्हणजे तुमच्या टबात एक जरी साचातला घोडा निघाला, तरी १९८४ किंवा त्यानंतरचा निदान एक सेट आत आहे हे नक्की. आणि पिवळे ब्रिक बरेच निघाले, तर श्वास रोखून पुढे शोधा. या पिवळ्या किल्ल्याबाबत एक सावधगिरी मात्र घ्या. अमेरिकेत तो ६०७५ या नंबराने विकला गेला, आणि १९९२ मध्ये लांडग्यांच्या टोळीच्या बुरुजालाही हाच नंबर मिळाला. नंबर टाकून शोधलं आणि भलताच किल्ला समोर आला तर गोंधळू नका.

१९८४ पासून लेगोच्या किल्ल्यांत शिपायांच्या टोळ्या सुरू झाल्या, आणि टोळी ओळखायची ती ढालीवरून.

[ढाली एका रांगेत मांडत]

सिंह असेल तर राजाचे शिलेदार. काळा-पांढरा ससाणा असेल तर ब्लॅक फाल्कन्स. माझ्या मते जुन्या लेगोतलं सगळ्यात देखणं चिन्ह हेच. हरणाचं डोकं आणि हिरवे कपडे म्हणजे जंगलातले फॉरेस्टमेन, ते १९८७ मध्ये आले. लांडग्याचं डोकं १९९२ चं. ड्रॅगनपाशी मात्र थांबा, कारण ड्रॅगन दोन टोळ्यांकडे आहे: १९८८ चे ब्लॅक नाइट्स आणि १९९३ चे ड्रॅगन मास्टर्स. ढालीवरून ठरत नसेल तर छातीवरचं चित्र ताडून बघा. आणि खराखुरा हिरवा ड्रॅगन, पंखांसकट, टबात सापडला तर प्रश्नच मिटला, १९९३ च्या आधी तो नव्हता. अंधारात चमकणारं भूत सापडलं तर १९९० किंवा पुढे या. उंचसखल, मध्ये चढाचा रस्ता आणि खड्डा असलेली बेसप्लेटही किल्ल्यांना त्याच वर्षी मिळाली, किंग्ज माउंटन फोर्ट्रेसमध्ये, नंबर ६०८१.

एखादा पीस ओळखूच येत नसेल तर तो उलटा करा. आतल्या बाजूला बारीक आकडे कोरलेले असतात. हे मोठं भिंतीचं पॅनल बघा, मधे खिडकी असलेलं. यावर ४४४४ दिसतंय. उजेड तिरका पाडलात की वाचता येतं. हा नंबर आणि रंग ब्रिकलिंक किंवा रीब्रिकेबल या लेगो पिसांच्या वेबसाइटवर टाकला की तो पीस कुठल्या कुठल्या सेटमध्ये आला होता त्याची यादी समोर येते. असे तीन-चार दुर्मीळ पीस घ्या आणि याद्यांमध्ये पुन्हा पुन्हा येणारे सेट लिहून काढा. तुमच्या टबातल्या किल्ल्यांची पहिली यादी तयार झाली.

याच वेळी नकली पीसही बाजूला करा. अस्सल ब्रिकच्या प्रत्येक स्टडवर, म्हणजे वरच्या गोल उंचवट्यावर, लेगो हे नाव असतं. बोट फिरवलं तरी लागतं.

आता धुणं. यात सांगण्यासारखं फार नाही, पण जे आहे ते पाळा. पाणी कोमट, ४० अंश सेल्सिअसच्या वर नाही, साबण सौम्य. वॉशिंग मशीन नको, डिशवॉशर नको, हेअर ड्रायर नको. उष्णतेने पीस वाकडे होतात, आणि एकदा वाकलेली बेसप्लेट पुन्हा पूर्ण सपाट होणं कठीण. स्टिकर असलेले पीस पाण्यात बुडवायचे नाहीत, ओलसर कापडाने पुसायचे. छापील छात्यांवर ब्रश घासायचा नाही. कोपऱ्यातली धूळ मऊ टूथब्रशने निघते. मग टॉवेलवर स्टड वर करून ठेवा, आतलं पाणी निथळून जातं.

[दोन करडे ब्रिक शेजारी धरून, खिडकीच्या उजेडात]

आणि आता ज्याच्यासाठी मी हा व्हिडिओ करायला घेतला ते. हे दोन ब्रिक. दोन्ही करडे. ट्यूबलाइटखाली ठेवले तर फरक जाणवणारही नाही. पण दिवसाच्या उजेडात बघा: डावीकडचा उबदार, किंचित पिवळसर छटेचा. उजवीकडचा थंड, निळसर. लेगोने २००४ च्या सुमारास आपले करडे रंग बदलले. फिका करडा आणि गडद करडा, दोन्ही निळसर झाले. तपकिरीसुद्धा तेव्हाच लालसर झाला. जुना किल्ला नव्या करड्या पिसांनी भरून काढला तर तटबंदीवर ठिगळं दिसतात, आणि एकदा दिसली की नजर तिथून हलत नाही.

यात अजून एक गुंता आहे. जुना करडा उन्हात राहिला की आणखी पिवळा पडतो. म्हणजे तुमच्यासमोर तीन छटा येतात: जुना, पिवळा पडलेला जुना आणि नवा. पिवळा पडलेला ओळखायची खूण अशी. या ब्रिकच्या वर दुसरा ब्रिक बसलेला असायचा, तेवढा चौकोन मूळ रंगाचा राहिलाय आणि उघडी बाजू पिवळी झालीय. रंग एकसारखा नाही. नव्या निळसर ब्रिकचा रंग सगळीकडून सारखाच असतो.

पिवळेपणा घालवायला हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन वापरतात. फरक पडतो, हे खरं. पण तो कायमचा नसतो, काही काळाने पिवळेपणा परत येतो. मी सरसकट तसं करत नाही. पिवळी बाजू किल्ल्याच्या आत वळवते, आणि दर्शनी भिंतीत, चर्यांमध्ये, दरवाज्याच्या कमानीत चांगल्या रंगाचे ब्रिक लावते. पेरॉक्साइड राखून ठेवते ते फक्त आत वळवता न येणाऱ्या पिसांसाठी.

वर्गवारी करताना रंगावरून गट पाडू नका. किल्ल्यांच्या ढिगात निम्म्याहून जास्त पीस करडे आणि काळेच असतात. करड्यांच्या डोंगरात एक बाय एकची बारीक प्लेट शोधायला बसलात की डोळे दुखतील. आकारावरून गट पाडा: कमानी एका डब्यात, उतरते पीस एकात, पॅनल एकात, बिजागऱ्या एकात. मग त्यातून हवा तो रंग डोळा चटकन टिपतो. अपवाद एकच, जुना करडा आणि नवा करडा सुरुवातीलाच वेगळे करा.

बांधणी. १९९६ च्या पुढच्या बहुतेक सेटच्या पुस्तिका लेगोच्या साइटवर मिळतात. त्याआधीच्या चाहत्यांनी स्कॅन करून ठेवल्यात. जुन्या पुस्तिकांची सवय करून घ्यावी लागते. प्रत्येक पायरीला कुठले पीस लागणार याचा वेगळा चौकोन त्यात नसतो. मागचं चित्र आणि हे चित्र ताडून बघायचं, नवं काय आलं ते स्वतः शोधायचं. त्यात काळ्यावर काळा ब्रिक असेल तर चित्र मोठं करून स्टड मोजावे लागतात. मला स्वतःला ही पद्धत आवडते. आजच्या पुस्तिका हात धरून नेतात, जुन्या पुस्तिका तुम्हाला बघायला लावतात.

ज्या सेटची सगळ्यात जास्त खात्री आहे तो आधी बांधा, मग त्याचे पीस ढिगातून कमी होतात आणि उरलेल्यांचं कोडं लहान होतं. मघाशी पिशवीत ठेवलेले जोडलेले तुकडे आता बाहेर काढा आणि पुस्तिकेतल्या चित्रांशी जुळवा.

एखादा पीस मिळत नसेल तर थांबू नका. त्या जागी त्याच आकाराचा पण मुद्दाम भडक रंगाचा ब्रिक लावा. मी लाल लावते. करड्या भिंतीत लाल ठिपका लगेच दिसतो आणि पुढचं बांधकामही अडत नाही.

माणसं शेवटी जुळवा. छातीच्या दोन्ही बाजूंना, काखेखाली, उजेडात धरून बघा. बारीक चीर तिथेच पडते. हेल्मेटची हनुवटीही तपासा. हाताचा पंजा बदलता येतो, पण खांदा ओढून काढू नका, छाती फाटते.

[लाल ठिपके असलेला अर्धवट किल्ला पुढे ओढत]

आता हे लाल ब्रिक मोजा, तीच तुमची खरेदीची यादी. ब्रिकलिंकवर घेताना रंगाचं नाव नीट वाचा: जुना तो नुसता लाइट ग्रे, नवा तो लाइट ब्लूइश ग्रे. विकणाऱ्याला फोटो मागायला संकोच करू नका. एक आडवाटही आहे. गार्डेड इन २००१ मध्ये आणि ब्लॅक फाल्कन्स फोर्ट्रेस २००२ मध्ये, हे दोन जुने सेट लेगोने पुन्हा काढले होते, नंबर १०००० आणि १००३९. ते रंग बदलायच्या आधीचे, त्यामुळे त्यातला करडा तुमच्या जुन्या भिंतीशी जुळतो. २०२२ चा लायन नाइट्स कॅसल मात्र ४,५१४ पिसांचा आणि कितीही सुंदर असला, तरी त्यातला करडा नवा आहे, त्यातून उसने पीस घेऊ नका. पार्सल आलं की एक एक लाल ब्रिक काढायचा आणि त्याच्या जागी करडा बसवायचा.